पुड्यावरचा शब्द

एका जंगलात एक दुकान होतं.

जंगलात दुकान कसं, असं विचारू नका, बाळांनो. एकाकडे जास्त झालं आणि दुसऱ्याकडे कमी पडलं, की मधे कुणीतरी तागडी घेऊन बसतोच. या जंगलात नेमाशेठ साळिंदर बसत असे.

थोरल्या उंबराच्या बुंध्यात एक ऐसपैस ढोली होती. पुढच्या बाजूला नेमाशेठची गादी, आतल्या अंधारात माल. मध, चारोळी, डिंक, सुकी मोहफुलं आणि हंगामात बोरं. नेमाशेठचे वडीलही तिथेच बसत. त्यांची एक गोष्ट जंगलात अजून सांगतात. एकदा दुकानात मगर आली. वडिलांनी डिंकाचा पुडा लांब बांबूच्या टोकाला लावून तिच्यापुढे धरला आणि म्हणाले, "बाई, तुम्ही कशाला तसदी घेतलीत? मोठ्या गिऱ्हाइकांना आम्ही घरपोच देतो." मगर इतकी खूश झाली, की पुन्हा म्हणून दुकानात आली नाही.

नेमाशेठ काही शिकलेला नव्हता. वडिलांकडून त्यानं एवढंच उचललं होतं, की गिऱ्हाइकापुढे काटे उभे करायचे नाहीत. ते त्याला जमत होतं. तीस वर्षं जमलं होतं.

आता त्या जंगलातली एक रीत सांगतो. माल पळसाच्या पानात बांधायचा, वेलीची गाठ मारायची, आणि सणासुदीच्या दिवसांत पुडा देताना तोंडानं एक बरा शब्द बोलायचा. नुसता पुडा पुढे सरकवला, तर गिऱ्हाईक तो उचलतच नसे. मुका पुडा घरात न्यायचा नाही, अशी समजूत होती. शब्द ऐकला, की गिऱ्हाईक म्हणायचं, "तुमच्या घरी दुप्पट." मग पुडा उचलून चालू लागायचं. याला म्हणत पुड्यावरचा शब्द. त्याला पैसा पडत नव्हता, म्हणून त्याच्यावर कधी भांडणही झालं नव्हतं.

बोरं पिकायला लागली, की सणासुदीचे दिवस सुरू होत, आणि पुढे एकाच आठवड्यात तीन सण येत. घुबडांची थोरली रात. अस्वलांची मधपुनव. वानरांची बोरजत्रा. सशांना स्वतःचा सण नव्हता. ते सगळ्यांच्या सणाला घाबरत.

एका संध्याकाळी अंबूताई घुबड डिंक घ्यायला आल्या. भिकोबा अस्वलानं सकाळीच मधाची मोठी मागणी सांगून ठेवली होती. तीच नेमाशेठच्या डोक्यात घोळत होती. पुडा देताना त्याच्या तोंडून गेलं, "मधपुनव गोड जावो, ताई."

"तुमच्या घरी दुप्पट," अंबूताई म्हणाल्या आणि त्यांनी उडायला पंख उघडले.

दुकानासमोरच्या दगडावर रंगोबा वानर बसला होता. प्रत्येक दुकानासमोर असा एक असतो, बाळांनो. त्याला घ्यायचं काही नसतं. कोण काय घेतंय, ते त्याला हवं असतं.

"ताई, थांबा थांबा," रंगोबा म्हणाला. "हे तुम्ही ऐकून घेतलंत?"

"काय?"

"मधपुनव! ती अस्वलांची. तुमची थोरली रात ना?"

"हो की."

"मग हा तुमचा अपमान झाला."

अंबूताईंनी डोळे मिटून जरा आत चाचपून पाहिलं. "झाला का?"

"झालाच. आणि तुम्हाला कळला नाही, म्हणजे थोडा जास्तच झाला."

अंबूताईंना खूप वाईट वाटलं. इतकी वर्षं आपला अपमान होतोय आणि आपण डिंक खातोय, या विचारानं त्यांना त्या रात्री उंदीरसुद्धा गोड लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्या जंगलात बातमी. नेमाशेठ मनाशी म्हणाला, आपल्याला काय, शब्द बदलू. त्यानं कुणालाच टोचणार नाही असा एक शब्द शोधून काढला. भिकोबा अस्वल मध न्यायला आला, तेव्हा त्यानं तो वापरला.

"ऋतू गोड जावो, भिकोबा."

भिकोबानं पुडा उचलला नाही. "काय म्हणालास?"

"ऋतू गोड जावो."

"कसला ऋतू? ऋतू येतो झाडांना. मी काय चिंचेचं झाड आहे?"

"तसं नव्हे. मनात पुनवच होती."

"मनातली पुनव मनात चाटत बस. माझ्या सणाचं नाव घ्यायला जीभ जड झाली होय रे तुझी? त्या डोळेफाड्या पाखरांना भितोस?"

"भिकोबा, चाळीस गिऱ्हाइकं येतात. प्रत्येकाचं तोंड बघून..."

"तुझे वडील बघायचे ना तोंड!" भिकोबा म्हणाला आणि पुडा तसाच टाकून गेला.

खरं सांगायचं, तर वडीलही तोंड बघत नसत. ते गिऱ्हाइकाची झोळी बघत. पण मेलेल्याची साक्ष काढता येत नाही.

आठवडाभरात जंगलाचे दोन भाग झाले. पुनववाले आणि ऋतूवाले. पुनववाले म्हणत, सणाला सणाच्या नावानं हाक मारायला लाजतोस कशाला? ऋतूवाले म्हणत, एकाच्याच सणाचं नाव सगळ्यांच्या गळ्यात का? दोघांचं म्हणणं ऐकलं की बरोबर वाटे. दोघं एकदम बोलू लागले, की काहीच ऐकू येत नसे. वानरांच्या बोरजत्रेचं नाव कुणीच घेत नव्हतं. पण रंगोबाची तक्रार नव्हती. त्याची जत्रा केव्हाच सुरू झाली होती.

हे नेमाशेठला एरवी सोसलं असतं. पण ती ढोली त्याच्या मालकीची नव्हती. ती जंगलाची. तिथं कुणी बसायचं, ते पंचायत ठरवी. तीस वर्षं कुणी विचारलं नव्हतं. आता खालच्या नाल्याकडचा मुंगूस दोनदा येऊन आपल्या शेपटीनं ढोलीची लांबी मोजून गेला.

दुपारी नेमाशेठची बायको सगुणाबाई नाल्यापलीकडच्या बिळातून भाजलेले कंद घेऊन आली. तिनं मुंगूस मोजताना पाहिला होता.

"अहो, ढोली गेली तर?"

"कशी जाईल?"

"तो शेपटीनं मोजतोय. उगाच कुणी शेपूट झिजवत नाही. तुम्हाला या वयात दुसरं काय येतं? उन्हात पाटी घेऊन बसणार का?"

नेमाशेठनं कंद खाल्ला. त्याची चव त्याला लागली नाही. तागडीशिवाय आपण म्हणजे नुसते काटे, एवढं त्याला कळत होतं.

शेवटी पंचायत बसली. गवापाटील अध्यक्ष. त्यांचं वजन फार होतं, म्हणून त्यांचं मतही वजनदार मानलं जाई. ते म्हणाले, "आपण जंगलालाच विचारू. पाहणी करा."

पाहणीचं काम हरबा कावळ्याकडे होतं. त्याला स्वतःचं कशावरच मत नव्हतं, म्हणून दुसऱ्यांची मतं गोळा करायला तो लायक ठरला होता. तो पान घेऊन फांदीफांदीवर फिरला. प्रश्न एकच. दुकानदारानं काय म्हणावं? मधपुनव गोड जावो, की ऋतू गोड जावो, की काहीही म्हटलं तरी चालेल?

हरणांनी विचारलं, "बाकीचे काय म्हणाले?"

कासव म्हणालं, "विचार करून कळवतो."

रानडुक्कर म्हणालं, "दुकानात कोण काय म्हणतं ते ऐकतंय कोण? मी मालाचा वास घेतो आणि निघतो."

"म्हणजे काहीही चालेल?"

"चालेल की."

हरबानं लिहून घेतलं. मग सभेत निकाल वाचला. "दहातले चार म्हणतात पुनव. चार म्हणतात ऋतू. दोन म्हणतात काहीही चालेल."

गवापाटलांनी मान वर केली. "हे दोन कोण?"

"पाटील, पाहणी गुप्त असते."

"गुप्तच ठेव. आमची हरकत नाही. फक्त नावं सांग."

"अशांना जंगलाबाहेर हाकला!" मागून कुणीतरी ओरडलं. ते रानडुक्कर होतं.

मग दुसरी पाहणी झाली. या वेळी काहीही चालेल असं म्हणणारा औषधालासुद्धा सापडला नाही. निम्मे इकडे, निम्मे तिकडे. ज्यांनी जन्मात दुकानाची पायरी चढली नव्हती, अशा वटवाघळांनीही ठाम मत नोंदवलं. मधल्या काळात कासवाचं पहिल्या पाहणीचं उत्तर येऊन पोचलं. ते मुदतीबाहेर म्हणून परत पाठवण्यात आलं. कासवानं ते घेऊन परतीची वाट धरली.

पंचायतीनं नियम केला. इथून पुढे दुकानदारानं प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी पान भरून घ्यायला सांगावं. नाव काय. प्राणी कोणता. सण कोणता. शब्द कोणता हवा. मग तोच शब्द ऐकू येईल असा म्हणावा. हरबा कावळा वर फांदीवर बसून ऐकेल. परवापासून सणांचा आठवडा, तेव्हा उद्या संध्याकाळपर्यंत नेमाशेठविरुद्ध एक जरी तक्रार आली, तर ढोली मुंगसाला.

"एक?" नेमाशेठनं विचारलं.

"एक," गवापाटील म्हणाले. "आम्ही गवे. एकाच्या पुढे मोजत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून दुकानापुढे रांग लागली. ती ओढ्यापर्यंत गेली. पूर्वी जेवढ्या वेळात दहा पुडे जात, तेवढ्यात आता एक पान भरून होई. बोरं मऊ पडू लागली. मधावर मुंग्या जमल्या. हरणांनी एकमेकांची पानं बघून भरली, त्यामुळे सगळ्यांचं नाव एकच झालं. सशानं सणाच्या जागी लिहिलं, "नाही." शब्दाच्या जागी लिहिलं, "त्यातल्या त्यात कमी धोक्याचा." नेमाशेठनं बराच विचार केला आणि त्याला म्हणाला, "सुखरूप घरी जा." ससा थरथरत म्हणाला, "म्हणजे वाटेत काही आहे का?" आणि तुमच्या घरी दुप्पट म्हणायचं विसरून पळाला.

मुंगूस समोरच्या दगडावर रंगोबाशेजारी येऊन बसला होता. त्यानं शेपूट स्वच्छ चाटून ठेवली होती.

दुपार कलली. अंबूताई दिवसाच्या उजेडात डोळे किलकिले करत पुढे आल्या. त्यांच्या मागेच भिकोबा. अंबूताईंनी पान नीट भरलं होतं. नेमाशेठनं ते वाचलं आणि खड्या आवाजात म्हणाला, "थोरली रात सुखाची जावो, ताई!"

"तुमच्या..." म्हणता म्हणता अंबूताईंनी मान फिरवली. घुबडांची मान पाठीवरून मागे वळते, हे तुम्हाला ठाऊक आहे. पाय दुकानाकडे, तोंड भिकोबाकडे. त्या थांबून राहिल्या.

नेमाशेठनं दुसरं पान वाचलं. "मधपुनव गोड जावो, भिकोबा!"

"आता कसं!" भिकोबा म्हणाला.

"एक मिनिट," अंबूताई म्हणाल्या. "त्याला 'गोड' आणि मला नुसतं 'सुखाची'?"

"ताई, तुम्हीच तसं लिहिलंत."

"मला काय ठाऊक, त्याला गोड मिळणार आहे?"

"आणि शेठ," भिकोबा गुरगुरला, "हिला तू ओरडून म्हणालास. मला आपलं हळूच. माझा सण काय चोरीचा आहे?"

"अहो, गळा बसलाय माझा. सकाळपासून..."

"मी तक्रार करणार," अंबूताई म्हणाल्या.

"माझी आधी," भिकोबा म्हणाला. "मी मोठा आहे."

मुंगूस उठून उभा राहिला. हरबानं चोचीत काडी धरली. नेमाशेठच्या पाठीवर खळखळ आवाज झाला. तीस वर्षांत गिऱ्हाइकापुढे पहिल्यांदाच त्याचे काटे उभे राहिले. भिकोबा दोन पावलं मागे सरला.

आणि त्या क्षणी नेमाशेठला एक गोष्ट दिसली. सकाळपासून ती त्याच्या समोरच होती. शब्द घेताना एकही गिऱ्हाईक त्याच्याकडे बघत नव्हतं. जो तो मागच्याकडे नाहीतर पुढच्याकडे बघत होता. आपल्याला काय मिळालं याची कुणाला पर्वा नव्हती. दुसऱ्याला काय मिळालं, तेवढंच सगळे कान देऊन ऐकत होते. मग तो शब्द पुनवेचा असो, की ऋतूचा.

त्यानं काटे हळूहळू खाली बसवले.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "दोघांनाही पुन्हा म्हणतो. पण आता कानात."

"कानात चालणार नाही," हरबा वरून म्हणाला. "नियमात ऐकू येईल असं लिहिलंय."

"मग कानाइतकं चांगलं कुठं ऐकू येतं, हरबा?"

हरबानं पान उलटसुलट करून पाहिलं. यावर नियमात काही नव्हतं.

भिकोबा सांभाळून वाकला. साळिंदराच्या तोंडाजवळ कान नेणं सोपं नाही, बाळांनो. तिथं विश्वास लागतो किंवा मधाची ओढ लागते. नेमाशेठनं त्याच्या केसाळ कानाशी तोंड नेलं. तो मधपुनवच म्हणणार होता. पण कानाशी तोंड गेलं, की व्यापाऱ्याची जीभ आपल्या वळणावर जाते. तो कुजबुजला, "भिकोबा, तुमच्यासाठी आत वेगळा माल काढून ठेवलाय. कुणाला बोलू नका."

भिकोबा सरळ झाला. त्याच्या तोंडावर असं समाधान पसरलं, की मधाचं पोळं बघूनही कधी पसरलं नव्हतं.

"तुमच्या घरी दुप्पट!" तो गरजला आणि पुडा उचलला.

"काय म्हणाले तुला?" अंबूताईंनी विचारलं.

"माझ्या सणाचं आहे. तुला नाही कळायचं."

"ताई, कान इकडे करा," नेमाशेठ म्हणाला. आणि त्यानं त्यांनाही तेच सांगितलं. वेगळा माल. आत. कुणाला बोलू नका.

अंबूताईंची मान आपोआप पुढे वळली. त्यांनी कितीतरी दिवसांत पहिल्यांदा नेमाशेठच्या तोंडाकडे पाहिलं. "तुमच्या घरी दुप्पट हो, शेठ," त्या म्हणाल्या.

त्यानंतर रांग भराभर सरकली. पानं भरायचं कुणाला सुचेना. हरणांच्या कानात, रानडुकराच्या कानात, वटवाघळांच्या कानात उलटं होऊन. सशाच्या कानात सांगायला फार सोपं गेलं. रंगोबानं तीस वर्षांत पहिल्यांदा दुकानातून पावशेर बोरं घेतली, फक्त आपल्या कानात काय पडतंय ते बघायला. बाहेर येऊन तो दगडावर बसला आणि चक्क गप्प बसला.

संध्याकाळी मुंगूस आला. "शेठ, तुम्ही नियम मोडताय. मी तक्रार..."

"कर की. पण आधी कान इकडे कर."

मुंगसानं कान केला. मग बराच वेळ तो ढोलीच्या आतल्या अंधाराकडे बघत राहिला. "तक्रार म्हणजे," तो म्हणाला, "अगदी तक्रार अशी नाही."

सर्वांत शेवटी हरबा खाली उतरला. "शेठ, मला नोंद करायची आहे. कानात नेमकं काय सांगता?"

"ये, तुलाही सांगतो."

हरबानं ऐकलं. इकडेतिकडे पाहिलं. पानावर लिहिलं, "शब्द नियमाप्रमाणे."

पंचायतीपुढे तिसऱ्या पाहणीचा निकाल आला. तुमच्या सणाचा योग्य मान राखला गेला का? दहापैकी दहा, हो. दुकानदार काय म्हणाला? दहापैकी दहा, ते सांगायचं नाही. गवापाटलांनी नेमाशेठची पाठ थोपटायला पाय उचलला, काटे पाहून खाली ठेवला आणि जाहीर केलं, "ढोली नेमाशेठकडेच. सर्व सणांना समान वागवणारा असा दुकानदार होणे नाही."

आता तुम्ही विचाराल, आत काढून ठेवलेला माल मागायला कुणी आलं नाही का? नाही आलं. मागितला, तर चारचौघांना कळणार. म्हणून प्रत्येकजण गर्दी ओसरायची वाट बघत राहिला. रोज येऊन पुडाभर माल घ्यायचा, आतल्या अंधाराकडे एकदा प्रेमानं बघायचं आणि निघायचं.

कानगोष्टींच्या त्या पहिल्याच संध्याकाळी सगुणाबाई नवऱ्याला घरी न्यायला आली. वाटेत तिला भेटलेला प्रत्येक प्राणी खुशीत होता. नेमाशेठही खुशीत होता. त्यानं बायकोसाठी चारोळीचा पुडा बांधला, वेलीची गाठ मारली आणि म्हणाला, "सगुणे, कान इकडे कर."

तिनं केला.

"तुझ्यासाठी आत वेगळं काढून ठेवलंय. कुणाला बोलू नकोस."

सगुणाबाईनं मान डोलावली नाही. ती उठली आणि आत बघायला गेली. साऱ्या जंगलात एवढं करणारी ती एकटीच. दिवसभराच्या विक्रीनंतर आत चार रिकामी मडकी उरली होती आणि एक कोळ्याचं जाळं.

ती बाहेर आली. "आत काही नाही."

"नाही," नेमाशेठ म्हणाला.

"मग मला कशाला सांगितलंत?"

"अगं, दिवसभर तेच बोलतोय. जिभेला सवय बसली."

"गिऱ्हाइकाशी बसवा. माझ्याशी नको."

ती नाल्याच्या वाटेला लागली. नेमाशेठ तागडी आवरून तिच्या मागून निघाला.

दुसऱ्या दिवसापासून नेमाशेठ रोज सकाळी सगळ्यात चांगल्या मालाचा एक पुडा बांधून खरोखरच आत ठेवू लागला. फक्त एक. बाकीच्या जंगलाला नुसता शब्द पुरत होता.

*तात्पर्य: बाळांनो, प्रत्येकाच्या सणाचा मान राखावा, मात्र तो इतरांना ऐकू जाऊ देऊ नये. आणि माल खरोखर बाजूला काढून ठेवायचाच असेल, तर जो आत जाऊन बघतो, फक्त त्याच्यासाठी ठेवावा.*